‘लक्ष दे’ म्हटल्याने लक्ष का लागत नाही

‘मोबाइलवर गेम दोन-दोन तास खेळतो हो, तेव्हा बरं लक्ष लागतं! आणि गणिताला बसवलं की दहा मिनिटांत पाणी, शू, पेन्सिलीचं टोक. हा आजार आहे की आळस?’ मी ठाण्यात विशेष शिक्षिका म्हणून मुलांबरोबर काम करते आणि पालकांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याची, सहसा लहानपणापासूनची अडचण. तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज या प्रश्नात आहे. उपाय कुठून सुरू करायचे, तेही त्याच्याच उत्तरातून कळतं.

या मुलांकडे लक्ष कमी असतं, असं आपण धरून चालतो. खरं तर लक्ष असतं. ते कुठे लावायचं, कधी काढून घ्यायचं, कंटाळवाण्या कामावर किती वेळ धरून ठेवायचं, याचं नियंत्रण त्यांना जड जातं. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याच्याकडे हे नियंत्रणाचं काम असतं: मनात आलेलं लगेच करून न टाकणं, कामांचा क्रम लावणं, हातातलं काम सोडून भरकटू न देणं. तिथल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवताना डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं वापरतात. एडीएचडीत याच व्यवस्थेचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं आणि त्याचा थेट परिणाम होतो तो ‘हे काम करण्याजोगं आहे’ असं आतून वाटण्यावर.

गेममध्ये दर काही सेकंदांनी काहीतरी हाती लागतं. गुण मिळतात, आवाज होतो, पुढची पातळी उघडते. गणिताच्या पानाचं फळ मिळणार तीन आठवड्यांनी होणाऱ्या चाचणीत. लांबचं बक्षीस कुठल्याही मुलाला थोडं फिकंच वाटतं. एडीएचडी असलेल्या मुलाला ते जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तोच मुलगा गेमला चिकटतो आणि गणितावरून उठतो. यात त्याची लबाडी नसते, आणि ‘मनात आणलं तर करेल’ हे वाक्यही इथे लागू पडत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूंचे वर्षानुवर्षांचे स्कॅन तपासून एक गोष्ट दाखवली. मेंदूचं बाहेरचं आवरण वाढत्या वयात जाड होत जातं आणि मग पुन्हा पातळ होतं. आवरणाच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचं वय इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षं होतं, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. वाढीचा क्रम तोच, वेळ उशिराची. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. याचा अर्थ ‘मोठा झाला की आपोआप सुटेल’ असा काढू नका. बऱ्याच जणांची वरवरची धावपळ वयाबरोबर कमी होते, पण विसरभोळेपणा आणि कामं अर्धवट राहणं मोठेपणीही टिकतं. तरी हा निष्कर्ष मी पालकांना आवर्जून सांगते, कारण त्याने अपेक्षा बदलते. दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी अपेक्षा ठेवली, की घरातला निम्मा आरडाओरडा थांबतो.

आणखी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, कामापुरती स्मरणशक्ती. एखादी सूचना डोक्यात धरून ठेवून ती पार पाडायला जी तात्पुरती जागा लागते, ती या मुलांमध्ये लहान असते. वन रूम किचनमधल्या ओट्यासारखी: नवं भांडं ठेवायला गेलं की आधीचं खाली येतं. ‘दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा घासायला टाक आणि शाळेची डायरी सही घ्यायला आण’ या चारापैकी पहिलं काम होतं, दुसरं अर्धं होतं आणि मुलगा मोरीत पाण्याशी खेळताना सापडतो. त्याने ऐकलं नाही असं नाही. ऐकलेलं टिकलं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणताना तो खोटं बोलत नसतो; पाच मिनिटं आणि पंचवीस मिनिटं यांतला फरक त्याला आतून नीट जाणवत नाही.

रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या माणसांना काय करायचं ते ठाऊक असतं. ठाऊक असलेलं ऐनवेळी हातून होत नाही. म्हणून उपदेश, समजावणं, शपथा घ्यायला लावणं यांनी फारसं काही हलत नाही. जिथे आणि ज्या क्षणी काम अडतं, तिथेच मदत ठेवावी लागते. पुढे मी जे उपाय सांगणार आहे, ते सगळे या एकाच तत्त्वावर उभे आहेत.

मोबाइलमुळे झालं का?

स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. तेव्हा ना टीव्ही होता, ना रील्स. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. वेळेच्या बरंच आधी झालेला जन्म, जन्मतः खूप कमी वजन, गरोदरपणातलं धूम्रपान यांचाही संबंध आढळतो. आईने लाड केले म्हणून, बाबा कामावरून उशिरा येतात म्हणून किंवा आई नोकरी करते म्हणून एडीएचडी होत नाही. हे वाक्य मी घरातल्या आजी-आजोबांसमोर मुद्दाम मोठ्याने म्हणते, कारण दोष बहुतेक वेळा सुनेच्या माथी मारला जातो.

मोबाइल एडीएचडी निर्माण करत नाही. पण झोप खाऊन आणि मेंदूला झटपट बक्षिसांची सवय लावून आधीच कमजोर असलेलं नियंत्रण आणखी कमजोर करतो. आणि एडीएचडी नसलेल्या मुलामध्येही तो एडीएचडीसारखी लक्षणं दाखवू शकतो. म्हणूनच निदान घाईने करायचं नसतं.

अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ ची नियमावली, डीएसएम-५, जगभर वापरली जाते. तिच्यात लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचळवळ-उतावीळपणाची नऊ लक्षणं आहेत. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा, १७ आणि त्यापुढच्या वयात किमान पाच लक्षणं हवीत. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही दिसायला हवीत. शिवाय त्यामुळे रोजचं जगणं खरोखर अडायला हवं. एकाच बाईंच्या तासाला मस्ती करणारा मुलगा यात बसत नाही.

काहींमध्ये फक्त लक्ष न लागणं दिसतं, काहींमध्ये चळवळ जास्त असते, काहींमध्ये दोन्ही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पहिल्या गटातल्या मुलींची. त्या बाक सोडून उठत नाहीत, कुणाला मारत नाहीत. खिडकीशी शांत बसून असतात आणि प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण स्वप्नात असते’ असा शेरा घेऊन वरच्या इयत्तेत जातात. शाळेकडून तक्रार नसल्यामुळे त्यांना कोणी डॉक्टरांकडे नेत नाही. जगभरातल्या अभ्यासांत शाळकरी मुलांमधलं प्रमाण साधारण पाच टक्के येतं. म्हणजे पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दोन किंवा तीन. त्यांतली दंगा करणारी तेवढी आपल्याला दिसतात.

आधी हे तपासा

निदानाच्या आधी काही साध्या गोष्टी वगळाव्या लागतात, आणि हे काम टाळलं तर पुढचं सगळं चुकतं. डोळे तपासा; फळा न दिसणारं मूल फळ्याकडे पाहणारच नाही. कान तपासा, विशेषतः वारंवार सर्दी होऊन कान दुखणाऱ्या मुलांचे. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि डॉक्टर सांगतील तर थायरॉइड बघा. काही मुलं दिवसातून अनेकदा काही सेकंद एकटक पाहत थांबतात, हाक मारली, हात लावला तरी त्या क्षणी प्रतिसाद देत नाहीत. ते दिवास्वप्न नसून फिट्सचा एक सौम्य दिसणारा प्रकार असू शकतो. त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख लागतो आणि औषधही वेगळं असतं. वाचताना अक्षरांशी झगडणारं मूलही वाचनाला टाळाटाळ करतं. तिथे मूळ अडचण अध्ययन अक्षमतेची असते. अर्थात दोन्ही एकत्रही असतात, आणि बऱ्याचदा असतात.

वयाचाही मुद्दा आहे. वर्गातलं सगळ्यात लहान मूल सगळ्यात मोठ्यापेक्षा जवळपास वर्षाने लहान असतं. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, जिथे प्रवेशासाठी १ सप्टेंबरची वयमर्यादा होती तिथे, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३४ टक्के जास्त झालेलं आढळलं. म्हणजे काही मुलं नुसती लहान होती. वर्ष वाचवायच्या हट्टाने मुलाला लवकर पहिलीत बसवलं असेल, तर डॉक्टरांना ते सांगा.

आणि झोप. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत मला सर्वांत मोठा प्रश्न हाच दिसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १०. सकाळची शाळा सातची, बस घोडबंदरच्या टोकापासून निघते सव्वासहाला, म्हणजे मूल साडेपाचला उठतं. नऊ तास हवेत तर साडेआठला झोपायला हवं. पण आई-बाबा गर्दीच्या लोकलमधून घरी येतात आठ-नऊला, जेवण दहाला, आणि दिवसभरात आई-बाबा मिळतात ते तेवढ्याच वेळात, म्हणून मूलही अकरा-साडेअकरापर्यंत जागं. रोज दोन-तीन तासांची तूट. मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. लहान मूल उलट जास्त चळवळं, चिडचिडं आणि उतावीळ होतं. बाहेरून ते हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. खरंच एडीएचडी असलेल्या मुलांना तर झोप लागायलाही उशीर होतो, म्हणजे दुहेरी मार.

यावर घरोघरी वेगळा मार्ग निघतो. काही घरांत मुलाला साडेसातला आजीबरोबर जेवायला बसवतात आणि आई-बाबांबरोबरचा वेळ सकाळच्या चहाला किंवा बसच्या थांब्यापर्यंत चालत जाण्यात ठेवतात. झोपायच्या तासभर आधी सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे, बाबांचाही. जोरजोराचं घोरणं किंवा तोंडाने श्वास घेत झोपणं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) दाखवा. एकाग्रतेसाठी पहिला उपाय कोणता, असं विचारलं तर मी झोपच सांगेन.

औषधाबद्दल सरळ सांगायचं तर

औषधाशिवाय काय करता येईल, हे विचारणाऱ्या पालकांची भीती मला समजते. पण औषध शत्रू नाही. मिथाइलफेनिडेट हे यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध. आपल्याकडे ते १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. मूळ लक्षणं कमी करण्यात औषधांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, हे लपवून ठेवणं पालकांवर अन्याय होईल.

१९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांनंतर लक्षणं कमी करण्यात काटेकोरपणे दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे बक्षिसं, नियम आणि सवयींतून वागणं बदलण्यापेक्षा वरचढ ठरलं. औषध आणि वर्तनोपचार एकत्र दिलेल्या मुलांना मात्र कमी मात्रा पुरली, आणि आईवडिलांशी असलेलं नातं, समवयस्कांमधलं वागणं अशा बाबींत त्यांचं जास्त बरं चाललं. तीन वर्षांनी गटांमधला फरक उरला नव्हता. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शनात चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण सांगितलं आहे आणि सहा वर्षांपुढे औषध व वर्तनोपचार दोन्ही. तेव्हा सौम्य अडचण असेल, मूल लहान असेल, तर औषधाविना सुरुवात करणं योग्यच. पण मूल स्वतःला इजा करून घेतं आहे, रस्त्यावर धावतं आहे, शाळेतून काढायची वेळ आली आहे किंवा ‘मी मूर्खच आहे’ असं म्हणू लागलं आहे, तर थांबू नका. आणि चालू असलेलं औषध कुठलाही लेख वाचून बंद करू नका, अगदी हा लेख वाचूनही नाही.

जिथे अडतं, तिथे

आता घरातलं. सूचना देताना स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, एकच काम सांगा आणि त्याला ते परत म्हणायला लावा. ते झालं की दुसरं. ‘अभ्यास कर’ ही सूचना नाही. ‘गणिताचं पान ४२ उघड आणि पहिली तीन उदाहरणं कर’ ही सूचना आहे. सकाळची कामं चित्रांसह एका कागदावर लिहून मोरीच्या दारावर लावा, म्हणजे क्रम डोक्यात न ठेवता भिंतीवरून वाचता येईल. दप्तर रात्रीच भरून चपलांच्या स्टँडशेजारी.

वेळ डोळ्यांना दिसायला हवी. काट्यांचं घड्याळ अभ्यासाच्या जागी समोर ठेवा आणि मोठा काटा कुठे आला की उठायचं, तिथे रंगीत टिकली लावा. किती वेळ बसवायचं? तुमच्या मुलाला आज जेवढं जमतं तेवढंच. सात मिनिटं जमत असतील तर सात मिनिटं, मग तीन मिनिटं हालचाल, पुन्हा सात. जमलं की आठवड्या-दोन आठवड्यांनी एक-दोन मिनिटं वाढवा. शेजारच्या मुलीला सलग तास जमतो, हे मोजमाप इथे कामाचं नाही.

बक्षीस लगेच आणि छोटं असावं. ‘वार्षिक परीक्षेत ८० टक्के मिळव, सायकल घेतो’ याने काहीच घडत नाही, कारण ते कित्येक महिन्यांवर आहे. तीन उदाहरणं झाली की वहीत एक तारा, पाच तारे झाले की संध्याकाळी बाबांबरोबर कॅरमचा एक डाव. मुलाला लाच देतो आहोत असं काही पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. दूरचं फळ दिसत नसलेल्या मुलाला ते आपण थोडं जवळ आणून दाखवतो आहोत, आणि सवय बसली की तारे हळूहळू कमी करता येतात. चांगलं वागलेलं त्याच मिनिटाला बोलून दाखवणं, हे यातलं सगळ्यात स्वस्त बक्षीस: ‘अरे, मी न सांगता दप्तर उचललंस!’ शिक्षेचंही तेच. दुपारच्या चुकीची शिक्षा रात्री बाबा आल्यावर दिली तर मुलाच्या मनात चूक आणि शिक्षा जोडलीच जात नाहीत. लहानशी, लगेचची, आधी ठरलेली शिक्षा पुरते. मारण्याने एकाग्रता वाढत नाही. भीती आणि खोटं बोलणं मात्र वाढतं.

पूर्वी घराघरांत परवचा होत असे. दिवेलागणीला, ठरलेल्या जागी, मोठ्याने, सगळ्यांबरोबर, आणि थोडाच वेळ. या मुलांना जे लागतं ते सगळं त्यात आहे: ठरलेली वेळ, सोबत कोणीतरी, आणि तोंडाने म्हणण्याची हालचाल. आज पाढे नसतील तर नसू देत, पण मूल अभ्यास करत असताना आई शेजारी बसून आपले हिशेब लिहिते आहे, आजोबा वर्तमानपत्र वाचताहेत, एवढ्या सोबतीनेही काम पुढे सरकतं. एकट्याला खोलीत कोंडून अभ्यास करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फेऱ्या मारत पाठांतर करू द्या, उभं राहून लिहू द्या. एडीएचडी असलेल्या मुलांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे, की अवघड बौद्धिक काम करताना ही मुलं जास्त हलतात आणि हलल्याने त्यांचं काम बऱ्याचदा सुधारतं. ‘आधी नीट बस, मग लिही’ म्हणून आपण त्यांची निम्मी ताकद बसण्यातच खर्च करायला लावतो.

व्यायामाचा परिणाम औषधाएवढा मोठा नसतो, पण तो खरा आहे आणि फुकट आहे. दम लागेल असा खेळ वीसेक मिनिटं झाला, की त्यानंतर काही काळ लक्ष जास्त टिकतं. म्हणून ‘अभ्यास झाला तरच खेळायला’ हा नियम उलटा करून पाहा: आधी खाली जाऊन पळापळी, मग अभ्यास. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर हालचाल सांगते. झाडांमधलं चालणं आणखी वेगळं काम करतं. २००९ च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात १७ मुलांना वीस मिनिटं बागेत, शहराच्या रस्त्यांवर आणि वस्तीतून चालवून आणलं. बागेतल्या फेरीनंतर त्यांची एकाग्रता सगळ्यांत चांगली होती. अभ्यास लहान आहे, पण करून बघण्यात तोटा काही नाही. ठाण्यात उपवन तलाव आहे, येऊरच्या जंगलाकडचा रस्ता आहे, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई ही बाग आहे. रविवारी मॉलऐवजी तिथे जा. शनिवार-रविवारच्या गर्दीत नको असेल तर सकाळी लवकर.

शाळेत एक छोटी चिठ्ठी फार काम करते. तीन गोष्टी लिहायच्या, जसं की ‘गृहपाठ लिहून घेतला’, ‘हात वर करून बोलला’, ‘डबा खाऊन वेळेत वर्गात आला’. बाईंनी दिवसाच्या शेवटी फक्त टिक करायची आणि बक्षीस घरी द्यायचं. साठ मुलांच्या वर्गात बाईंकडे दहा सेकंदच असतात, हे लक्षात ठेवून मागणी केली तर बहुतेक शिक्षक मदत करतात. खिडकी आणि दारापासून दूर, पुढच्या बाकावर, शांत मुलाशेजारी जागा मागा. फळा पुसायला, वह्या वाटायला या मुलालाच उठवा. त्याची हालचाल होते आणि त्याला मान मिळतो.

पैसे कुठे घालू नका, हेही सांगते. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ नावाने डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग निघाले होते. त्या दाव्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. स्मरणशक्ती वाढवणारी सरबतं, गोळ्या यांनी एडीएचडी सुधारल्याचा पुरावा नाही. संगणकावरचे स्मरणशक्तीचे खेळ खेळून मूल त्या खेळात तरबेज होतं, अभ्यासात फरक पडत नाही. न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर पाहत त्या बदलायला शिकवणारी सत्रं महाग असतात आणि काटेकोर चाचण्यांत त्यांचा फायदा फारसा उरत नाही. साखरेने मुलं चेकाळतात हा समजही चाचण्यांत टिकलेला नाही; साखर कमी करा ती दातांसाठी. ओमेगा-३ चा परिणाम असला तरी अगदी थोडा. घरात बांगडा, बोंबील होत असतील तर ते खाऊ दे, त्यासाठी महागड्या कॅप्सूल नकोत.

मोठी माणसं

मुलाच्या लक्षणांची यादी वाचताना बाबा एकदम गप्प होतात, असं माझ्यासमोर बऱ्याचदा घडलं आहे. आनुवंशिकता एवढी असताना त्यात नवल नाही. प्रौढांमध्ये प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास मानलं जातं. आयुष्यभर ‘बेजबाबदार’ ऐकत आलेल्या माणसाला आपल्या अडचणीला नाव आहे हे कळणं, हीच मोठी गोष्ट असते. प्रौढांसाठी एडीएचडीनुसार आखलेल्या संज्ञानात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा उपयोग होतो. त्यातलं बरंच काम वही, कॅलेंडर आणि कामाचे तुकडे पाडणं यांवरच असतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ योजना मुलांनाही आणि मोठ्यांनाही जमते: ‘ऑफिसात खुर्चीवर बसलो, की मेल उघडायच्या आधी काल लिहून ठेवलेलं पहिलं काम’. नुसता ‘उद्यापासून नीट काम करीन’ हा निश्चय टिकत नाही, कारण त्याला सुरुवातीची खूण नसते. दुचाकी चालवणाऱ्यांनी फोन डिकीत टाकून मगच किल्ली फिरवावी. एडीएचडीत अपघातांचा धोका वाढलेला असतो, आणि घोडबंदर रोडवर तो वाढवून चालणार नाही.

कुठे जायचं? बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा, ते बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमध्ये मुलांसाठी आणि पालकांसाठी समुपदेशन मिळतं. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. परीक्षेच्या सवलतींबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, नुसतं एडीएचडी वेगळं दिलेलं नाही. म्हणून वाचन-लेखनातही अडचण असेल तर तिची स्वतंत्र चाचणी करून घ्या, आणि दहावीच्या वर्षाची वाट न पाहता आधीच.

डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. एक-दोन आठवडे मूल कधी झोपलं, कधी उठलं, कुठलं काम कुठे अडलं, ते वहीत लिहा. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं बरोबर घ्या. त्यांतल्या शेऱ्यांवरून लक्षणं कधी सुरू झाली ते कळतं. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या. घरात आणखी कोणाला लहानपणी असंच होत होतं का, ते आजीला विचारा. आणि मूल कशात रमतं, कशावर अर्धा तास टिकतं, तेही त्याच वहीत लिहा, कारण पुढची योजना तिथूनच आखायची असते.